होम ऑटोमेशनच्या डिमरवर कोणता एलईडी बल्ब नीट चालतो? जळगावातून सविस्तर रिव्ह्यू

निकाल आधीच सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत जायला नको. हॉलमध्ये ट्रेलिंग एज प्रकारचं (म्हणजे विजेच्या प्रत्येक लाटेचा शेवटचा भाग कापणारं) डिमर मॉड्यूल आणि खोक्यावर स्पष्ट 'डिमेबल' छापलेले ३००० केल्विनचे म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी बल्ब, ही जोडी आमच्याकडे एकदम मस्त चाललीय, दहापैकी नऊ. आईच्या खोलीत मात्र भिंतीत डिमर लावलाच नाही, तिथे साध्या बटणावर स्मार्ट बल्ब टाकलाय, त्याला आठ. आणि ज्या दुकानातून बल्ब घेतले त्या दुकानाला पैकीच्या पैकी, का ते पुढे सांगतो.

गरज काय होती तर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री एकदम भक्क लाईट लागला की तिला त्रास व्हायचा, झिरोचा बल्ब लावला तर पायाखालचं दिसत नाही आणि मोठा लावला तर डोळ्यात जातो. मधलं काहीतरी पाहिजे होतं. शिवाय आण्णांना रात्री टीव्हीवर बातम्या बघताना हॉलमध्ये मंद उजेड लागतो, पूर्ण अंधार चालत नाही. मोबाईलवरून किंवा नुसतं बोलून उजेड कमी जास्त करता आला तर दोघांचंही काम होईल असा विचार करून हे सगळं सुरू केलं.

आता मुद्द्यावर येतो. बहुतेक जण आधी ऑनलाईन डिमर मागवतात, वायरमनला बोलावतात, बोर्डात बसवतात आणि घरात जे बल्ब आहेत तेच त्याच्यावर चालवतात. मग बल्ब लुकलुक करतो, नाहीतर घूं घूं आवाज येतो, नाहीतर ऐंशी टक्क्यापर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम विझतो, आणि लोक म्हणतात डिमर खराब आहे. डिमर बहुतेक वेळा चांगलाच असतो, बल्ब त्या कामाचा नसतो. आपल्या खान्देशात तर हे हमखास होतं आणि त्याचं कारण आपल्या बल्ब निवडायच्या पद्धतीतच आहे.

बघा, आपल्याकडे बल्ब घेताना आपण काय विचारतो, व्होल्टेज कमी झाल्यावर चालेल का. माझ्या मामांचं गाव यावल तालुक्यात आहे, सगळीकडे केळी, रात्री शेतीची थ्री फेज आली की एकामागे एक पंप सुरू होतात आणि घरातलं व्होल्टेज खाली येतं. म्हणून तिकडचे लोक खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असं लिहिलेला बल्ब शोधून घेतात आणि ते बरोबरच आहे, व्होल्टेज कितीही हललं तरी त्या बल्बचा उजेड तेवढाच राहतो. पण हेच डिमरच्या आड येतं. अशा बल्बच्या आत जो ड्रायव्हर असतो त्याचं कामच हे की वरून काहीही येवो, एलईडीला करंट एकसारखा द्यायचा. घरातली लाईट लाटेसारखी खालीवर होत येते, डिमर ती लाट कापून कमी करतो आणि आतला ड्रायव्हर ती कमतरता भरून काढत राहतो, भरून काढत राहतो, आणि जेव्हा त्याला जमेनासं होतं तेव्हा एकदम हात टेकतो. म्हणून ऐंशी टक्क्यापर्यंत काहीच फरक नाही आणि मग अंधार. म्हणजे जो बल्ब यावल-रावेरच्या गावात सगळ्यात चांगला तोच डिमरवर सगळ्यात वाईट, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

डिमेबल बल्बचा ड्रायव्हर वेगळा असतो. तो लाट किती कापलीय ते ओळखतो आणि तेवढ्या प्रमाणात एलईडीचा करंट स्वतःहून कमी करतो. खोक्यावर साधारण २२० ते २४० व्होल्ट एवढीच रेंज लिहिलेली असते, आणि डिमेबल हा शब्द किंवा डिमरच्या गोल नॉबचं चित्र असतं. हे चित्र नसेल तर दुकानदार कितीही म्हणाला चालतो चालतो, तरी घेऊ नका. सरकारच्या उजाला योजनेत २०१५ पासून जे बल्ब वाटले गेले आणि आजही कितीतरी घरांत आहेत ते साधे बल्ब आहेत, साध्या बटणावर उत्तम, डिमरसाठी ते नाहीत.

आता दुकान. नवी पेठेच्या बाजूला एक जुनं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, मोटार रिवाइंडिंगचं काउंटर पण तिथेच, पुढे बल्ब-वायर-बटणं आणि मागे पंपाच्या मोटारी उघडून ठेवलेल्या. नाव देत नाही कारण मालकांना विचारलेलं नाही. वयस्कर माणूस आहे, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात. मी डिमरचं विचारलं तर म्हणाले, "भाऊ, पहिले बल्ब देखाडा, डिमरनं मंग देखू." माझ्याजवळ घरातला एक बल्ब होता तो हातात घेतला, खोक्याशिवाय नुसता बल्बवरचा छाप वाचला आणि म्हणाले, "हाऊ बल्ब साधा शे, डिमरवर नही चालाव." एवढ्यावर थांबले नाहीत, लावून दाखवला. त्यांच्याकडे एका फळीवर चार होल्डर, एक जुना गोल नॉबवाला डिमर, एक नवीन मॉड्यूल असं सगळं जोडून ठेवलेलं आहे आणि रिवाइंडिंगवाल्यांचा व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज पाहिजे तेवढं कमी जास्त करायचं यंत्र, पण बाजूलाच. आधी त्यांनी व्हेरिॲकवर व्होल्टेज २३० वरून १८० ला आणलं, माझा साधा बल्ब जसाच्या तसा, अजिबात मंद झाला नाही. मग तोच बल्ब डिमरवर, आणि तो थरथरायला लागला. हे डोळ्यासमोर बघितल्यावर कोणाला समजावून सांगायची गरजच राहत नाही. ऑनलाईन पन्नास रुपये वाचवण्यापेक्षा असं दुकान मला लाखमोलाचं वाटतं, आणि आपल्या गावात अशी दुकानं टिकली पाहिजेत असं मनापासून वाटतं.

त्या फळीवर आम्ही बरेच बल्ब लावून बघितले, गर्दी नव्हती आणि जिभाऊंनाही त्यात रस होता. काय दिसलं ते सांगतो. सगळ्यात स्वस्तातले बल्ब, ज्यांच्यात ड्रायव्हर वेगळा नसतोच, एलईडीच्या त्याच प्लेटवर दोन-चार पार्ट बसवलेले असतात, ते डिमरवर कमी तर होतात पण भयंकर फडफडतात. डोळ्याला थोडं कळतं पण मोबाईलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यात धरलं की काळे-पांढरे पट्टे धावताना दिसतात. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा, बल्बच्या आत पुरेसा कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा पार्ट) नसेल तर प्रत्येक लाटेला उजेड खालीवर होतो. अशा उजेडात वाचत बसलं तर डोकं दुखतं, आईच्या खोलीसाठी तर असा बल्ब फुकट दिला तरी घेणार नाही. ही स्लो मोशनची टेस्ट प्रत्येकाने दुकानातच करावी, मोबाईल तर सगळ्यांच्या खिशात असतोच.

काचेतल्या फिलामेंटसारखे दिसणारे एलईडी बल्ब असतात, हॉटेलात लावतात ते, त्यातले डिमेबल लिहिलेले खरंच छान कमी होतात, अगदी समईसारखा उजेड होईपर्यंत. पण त्यात दोन अडचणी, एक तर बरेचसे चुडीच्या होल्डरचे म्हणजे ई२७ चे येतात आणि आपल्या घरात सगळीकडे पिनवाले बी२२ होल्डर, मग होल्डर बदला किंवा ॲडॉप्टर लावा. आणि दुसरं, काच उघडी असल्यामुळे लाईट थेट डोळ्यात येतो. देवघराच्या बाजूला एक लावलाय, तिथे शोभतो.

शेवटी हॉलसाठी पांढऱ्या गोळ्याचे ९ वॅटचे डिमेबल घेतले, बी२२, ३००० केल्विन. साधा ९ वॅटचा बल्ब शंभराच्या आसपास येतो, डिमेबलला दोन-तीन पट पैसे पडतात, आणि जळगावात प्रत्येक दुकानात मिळतोच असं नाही, आधी विचारून ऑर्डर द्यावी लागते. रंगाचं पण सांगतो कारण इकडे सगळ्यांना ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र उजेड आवडतो, दुकानात पण तोच भरलेला असतो. फुल उजेडात ठीक आहे, पण ६५०० वाला बल्ब वीस टक्क्यावर आणला की सगळी खोली राखाडी दिसते, आभाळ आल्यासारखी, माणसांचे चेहरे आजारी दिसतात. जुना तारेचा बल्ब मंद केला की आपोआप लालसर व्हायचा, एलईडी तसा होत नाही, जो रंग आहे तोच रंग नुसता कमी होतो. म्हणून मंद उजेडासाठी २७०० किंवा ३००० च घ्या, घरचे आधी पिवळा कशाला म्हणतील, आमच्याकडे पण म्हणाले, आता आण्णा पांढरा लावू देत नाहीत. मंद करताना रंगही पिवळसर होत जाणारे बल्ब निघालेत, पण ते महाग आहेत आणि मला त्याची गरज वाटली नाही.

आता डिमर मॉड्यूलबद्दल. दोन जाती आहेत, लीडिंग एज आणि ट्रेलिंग एज. जुने गोल नॉबवाले बहुतेक लीडिंग एज, त्यात ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग अडवतो आणि मग मधेच एकदम सोडतो, पाटाचं पाणी दार उघडून एकदम सोडावं तसं, त्या धक्क्याने एलईडीच्या आतला कपॅसिटर दचकतो आणि बल्ब किंवा डिमर गुणगुणतो. ट्रेलिंग एज लाट शून्यापासून शांतपणे सुरू करतो आणि शेवटचा भाग कापतो, म्हणून एलईडीला हाच जास्त मानवतो. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रायॅक चालू राहायला थोडा तरी करंट वाहत राहावा लागतो. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण पाव ॲम्पिअर ओढायचा, आपला ९ वॅटचा एलईडी हिशोबाने ०.०४ ॲम्पिअर, इतक्या कमी करंटवर ट्रायॅक मधेच सुटतो आणि लुकलुक सुरू होते. म्हणून डिमरवर जास्तीत जास्त वॅट किती हे सगळे बघतात पण कमीत कमी किती हे बघायला पाहिजे. कमीत कमी ४० वॅट लिहिलेलं असेल आणि तुमचे चार बल्ब मिळून ३६ वॅट, तर तिथेच गडबड. यावर उपाय म्हणजे बल्बला समांतर बायपास नावाचा छोटासा पार्ट लावतात, त्याने कमी लोडवरची लुकलुक पण थांबते आणि बटण बंद केल्यावर बल्ब रात्रभर भुतासारखा मिणमिणतो तेही थांबतं.

न्यूट्रल म्हणजे विजेच्या परतीच्या वायरीबद्दल परदेशातले लोक फार काळजी करतात की बटणाच्या बोर्डात न्यूट्रल नसते म्हणून मॉड्यूल चालत नाही. आपल्याकडे बहुतेक बोर्डात एक तरी पाच ॲम्पिअरचा प्लग असतोच, त्यामुळे न्यूट्रल आलेली असते, हे आपलं नशीब समजा. न्यूट्रल असलेलं मॉड्यूल कमी लोडवर जास्त स्थिर चालतं, म्हणून शक्यतो तेच घ्या. फक्त जिन्याच्या टू-वे बटणात बऱ्याचदा न्यूट्रल सापडत नाही, आमच्या जिन्यातही नाहीये, म्हणून तिथे डिमर लावलाच नाही.

बसवायला आमचा नेहमीचा वायरमन आला, काम स्वच्छ केलं, एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, मगच हात घातला. त्याला मॉड्यूल नवीन होतं पण सोबतचा नकाशा बघून त्याने बरोबर जोडलं. त्याच्या एका सल्ल्याचा फार उपयोग झाला, साध्या खालीवर बटणाऐवजी बेलचं पुश बटण बसवायचं. दाबून सोडलं की चालू-बंद, दाबून धरलं की उजेड कमी जास्त. आण्णांना मोबाईल नको, बोलणं नको, ते बटण दाबून धरतात आणि पाहिजे तिथे सोडतात. घरातल्या मोठ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, नुसत्या ॲपवर चालणारं घर म्हाताऱ्या माणसांना परकं होतं.

ॲपमध्ये दोन सेटिंग हमखास करा. एक म्हणजे कमीत कमी लेव्हल. आमचे बल्ब दहा टक्क्याच्या खाली थरथरतात म्हणून किमान बारा ठेवलंय, मग त्याच्या खाली जाताच येत नाही. यात नुकसान काही नाही. आपला डोळा अंधारात स्वतःच उघडतो, मोजून दहा टक्के उजेड असला तरी डोळ्याला तो साधारण तीस टक्के वाटतो. दुसरं सेटिंग सुरुवातीच्या धक्क्याचं, काही बल्ब एकदम कमी लेव्हलवर चालूच होत नाहीत, त्यांना क्षणभर जास्त देऊन मग खाली आणावं लागतं, चांगल्या मॉड्यूलमध्ये ही सोय असते. ज्या मॉड्यूलमध्ये ही दोन्ही सेटिंग नाहीत ते स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

एक मार्क कापला तो इन्व्हर्टरमुळे, आणि हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं म्हणून नीट सांगतो. लाईट गेली आणि इन्व्हर्टर लागला की हॉलचे बल्ब फडफडायला लागले. आमचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा. डिमर सगळा हिशोब लाट शून्यातून कधी जाते त्यावर करतो, आणि स्क्वेअर वेव्हमध्ये लाट गोल नसतेच, सरळ वर सरळ खाली, त्यामुळे कुठे कापायचं हेच त्याला कळत नाही. साईनवेव्ह इन्व्हर्टरवर शेजाऱ्यांकडे तेच मॉड्यूल लावून बघितलं, एकदम शांत चाललं. सध्या हॉलचं सर्किट इन्व्हर्टरवरून काढून ठेवलंय आणि तिथे एक साधा बल्ब वेगळ्या बटणावर दिलाय. ज्यांच्याकडे स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे त्यांनी हे आधीच ठरवा, इन्व्हर्टर बदलायचा की डिमरचं सर्किट बाहेर काढायचं.

उन्हाळ्याचं पण बोललं पाहिजे. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसला टेकतो, पश्चिमेची भिंत रात्री दहाला पण हाताला चटका देते. डिमर मॉड्यूल स्वतः गरम होतं आणि त्या भिंतीतल्या बंद डब्यात कोंबलं तर उष्णता जाणार कुठे. म्हणून आम्ही मॉड्यूल पूर्वेच्या भिंतीच्या बोर्डात बसवलं, डबा खोल घेतला आणि मॉड्यूलच्या क्षमतेच्या निम्म्याच्याही खाली लोड ठेवला. बल्बच्या ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं पण तेच, दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून बंद काचेच्या गोळ्यात एलईडी बल्ब लावू नका. मंद चालवला की बल्ब कमी तापतो, त्यामुळे डिमरवर नीट जमलेला बल्ब जास्त टिकायला पाहिजे, मेमध्ये आमच्या बल्बांना काही झालं नाही.

आईच्या खोलीतल्या स्मार्ट बल्बचं थोडक्यात. यात मंद करायची सगळी सोय बल्बच्या आतच असते, त्याला भिंतीतून पूर्ण २३० व्होल्ट पाहिजेत, त्यामुळे स्मार्ट बल्ब कधीच डिमरवर लावायचा नाही, फिलिप्स ह्यू सारख्या कंपन्या स्वतःच हे सांगतात. पिनवाल्या बी२२ मध्ये वाय-फायचे स्मार्ट बल्ब आता सहज मिळतात, विप्रोचे पण आहेत. विप्रोचं नाव घेतलं की आपल्याला बरं वाटतं, कंपनी १९४५ साली आपल्या अमळनेरात तेलाच्या कारखान्यातून सुरू झाली. स्मार्ट बल्ब घेताना एकच बघा, लाईट जाऊन आली की तो कसा सुरू होतो. बरेच बल्ब मूळ सेटिंगमध्ये फुल उजेडाने पेटतात, रात्री तीनला लाईट आली की खोली एकदम दिवसासारखी, झोपलेला माणूस दचकून उठतो. ॲपमध्ये 'आधी होतं तसं' असा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी लावा, आणि ज्या बल्बला हा पर्याय नाही तो आपल्याकडे घेऊच नका. दोन मार्क यासाठी कापले की पाहुण्यांनी भिंतीचं बटण बंद केलं की बल्ब ॲपमधून गायब होतो, आणि राऊटर पण इन्व्हर्टरवर ठेवावा लागतो.

अजून एक, गावाकडे पंख्याच्या रेग्युलेटरवर बल्ब जोडून मंद करतात, ते कृपा करून एलईडीला करू नका, आणि उलट बल्बच्या डिमरवर पंखा तर अजिबात नको, दोघांचं काम वेगळं आहे, त्यात पार्ट जळतात आणि आग लागायची भीती असते.

खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर नंबर म्हणजे नोंदणी क्रमांक आणि आयएस १६१०२ हे एलईडी बल्बचं मानक बघूनच घ्या, बिल घ्या, खोकं फेकू नका, वॉरंटीला दोन्ही लागतात. आणि हॉलला चार बल्ब लागणार असतील तर त्याच वेळी त्याच लॉटचा एक जास्तीचा घेऊन ठेवा. कंपन्या त्याच नावाच्या बल्बमध्ये आतला ड्रायव्हर बदलतात, खोकं तेच दिसतं पण वर्षभराने आणलेला पाचवा बल्ब बाकीच्या चारांबरोबर सारखा मंद होईलच असं नाही, आणि एकाच डिमरवर वेगळे ड्रायव्हर मिसळले की सगळेच थरथरू शकतात. जिभाऊंनी हे न विचारता सांगितलं आणि पाचवा बल्ब पण फळीवर लावून बघूनच दिला.